दिवाळीची सुरुवात बाजरीच्या भाकरीने होते : सण, फराळ आणि वजन यांचा थोडा इतिहास

भाऊबीज झाली की पुढचे दोन आठवडे माझ्या दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहायला कोणी तयार नसते. "डॉक्टर, आज वजन नको, दिवाळी झालीये ना!" हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की आता मीही हसतो. मधुमेहाचे काही रुग्ण तर तपासणीची तारीखच डिसेंबरवर ढकलतात.

गेल्या वर्षी एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. साखर वाढलेली होती. सून म्हणाली, "डॉक्टर, यांना जरा सांगा, फराळाला हात लावायचा नाही म्हणून." आजींनी माझ्याकडे बघून विचारले, "आम्ही जन्मभर दिवाळी केली. तेव्हा कुठे होती ही साखर?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. करंजी तीच, लाडू तोच, पुरणपोळीही तीच. मग आजच त्यांचा त्रास का होतो? त्यासाठी सणाच्या ताटाचा इतिहास बघावा लागतो. आज तोच थोडक्यात सांगतो.

आपल्या पंचांगातले ताट

दिवाळीचा पहिला दिवस म्हणजे वसुबारस. या दिवशी अनेक घरांत बायका उपवास करतात, गाय-वासराची पूजा करतात आणि संध्याकाळी बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपवास सोडतात. गहू आणि मूग त्या दिवशी चालत नाहीत, बऱ्याच घरांत दूध-तूपही नाही. म्हणजे ज्या सणाला आपण तळणाचा आणि गोडाचा सण समजतो, त्याचे पहिले जेवण भाकरी आणि शेंगभाजी हे आहे.

हे एकच उदाहरण नाही. नागपंचमीला चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातल्या आणि रानातल्या भाज्या एकत्र शिजवतात. ही भाजी बहुतेक घरांत अगदी कमी तेलाची किंवा बिनफोडणीची असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्यांची मिसळभाजी. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि भाकरी किंवा रोडगे. आपल्या कांद्याच्या जिल्ह्यात तर चातुर्मासात कांदा सोडण्याआधी कांदेनवमी होते.

गोडाचे दिवसही होतेच. पाडवा, आखाजी, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, होळी. मालेगाव-बागलाणकडे आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस हवाच. पण हे दिवस मोजके होते, आणि दोन सणांच्या मध्ये जे दिवस येत ते अगदी साधे असत. सणाचे ताट समजून घ्यायचे तर आधी या साध्या दिवसांचे ताट बघायला हवे.

रोजची बाजरी, सणाचा गहू

ब्रिटिश सरकारने १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्या काळी सपाटीवरच्या भागात रोजचे धान्य होते बाजरी. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगराळ पट्ट्यात नागली आणि वरई. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत गहू उत्तम यायचा, पण सामान्य शेतकऱ्याच्या घरात तो विकायचा माल होता. पोळी हा शब्दच सणाशी जोडलेला होता. रोज भाकरी, सणाला पोळी.

भाकरी, कालवण, चटणी, कांदा आणि हंगामात मिळेल ती पालेभाजी. तेल फोडणीपुरते. गोड म्हणजे गूळ, तोही बेताने. अशा जेवणानंतर वर्षातून एकदा समोर आलेल्या करंजीला जी किंमत होती, ती आज आपल्याला कळणार नाही.

शिवाय तो फराळ बनवणाऱ्या बाईचे कष्ट लक्षात घ्या. विजेवरची पिठाची गिरणी गावोगावी येण्याआधी पहाटे उठून जात्यावर दळण हा रोजचा कार्यक्रम होता. पाणी आडावरून किंवा नदीवरून. चकलीची भाजणी भाजायची, दळायची. बेसनासाठी डाळ दळायची. गुळासाठी पाट्यावर-खलबत्त्यात कुटायचे. लाडू तोंडात जाण्याआधीच त्यातला बराचसा जोर हातांनी खर्ची घातलेला असे. पुरुष दिवसभर नांगर-मोट-बैल यांच्यामागे. वजन वाढायला जागाच नव्हती.

पण जुने दिवस निरोगी होते असे समजू नका

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण "पूर्वी सगळे कसे छान होते" असे संदेश आपल्या फोनवर रोज येतात. पूर्वी वजन वाढत नव्हते याचे मोठे कारण म्हणजे पुरेसे खायलाच नव्हते.

१८७६ ते १८७८, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. दख्खनने पंचवीस वर्षांत तीन भीषण दुष्काळ पाहिले. माझ्या वयस्कर रुग्णांना १९७२ चा दुष्काळ स्वतः आठवतो. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणे, रेशनवर मिळालेला परदेशी लाल मिलो, मुलांना वाटलेली सुकडी. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या घरात आजही ताटात टाकलेले चालत नाही, आणि त्यांना त्यासाठी मी कधी बोलत नाही.

घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवायची, उरलेले जेवायची आणि वर सगळे उपवासही तीच करायची. रक्त कमी, बाळंतपणात धोका, बाळ कमी वजनाचे. हे सगळे त्याच "साध्या आहारा"च्या काळातले आहे.

आपल्या पंगतीतला आग्रहही याच काळात समजतो. "अजून एक घ्या, आमच्या हातचा घ्या" म्हणत ताटात वाढलेला लाडू हा खरा प्रेमाचा होता, कारण पाहुणा घरी जाऊन पोटभर जेवेल याची खात्री नव्हती. सण म्हणजे घरातल्या प्रत्येकाला, गड्यालाही आणि बैलालाही, एक दिवस पोटभर आणि गोड मिळण्याची सोय. भूक संपली, पण आग्रह तसाच राहिला.

ताट कधी बदलले?

बदल हळूहळू झाला आणि त्यातला बराचसा चांगल्या कारणासाठी झाला.

साखर : तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५० च्या सुमारास तिथे गाळप सुरू झाले. पुढच्या काही दशकांत महाराष्ट्र साखरेचे राज्य झाला. तरी बराच काळ साखर रेशनवर मोजून मिळे. दिवाळीला रेशनवर थोडी जादा साखर मिळाली की ती बातमी असे. आज कोणी साखरेसाठी रांगेत उभे राहत नाही. दिवसाला चार चहा घेणाऱ्या माणसाच्या पोटात चहातूनच सात-आठ चमचे साखर जाते, आणि ती कोणी "गोड खाल्ले" म्हणून मोजतही नाही.

गहू : हरितक्रांतीनंतर रेशनवर आणि बाजारात गहू स्वस्त झाला. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने कोरडवाहू जमिनीसाठीही गव्हाचे वाण दिले. पोळी रोजची झाली आणि भाकरी हॉटेलातला "खास पदार्थ" झाली.

तेल : मला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो. १९५० च्या दशकात भारतात माणशी वर्षाला साधारण तीन किलो खाद्यतेल वापरले जाई. आता ते एकोणीस किलोच्या वर गेले आहे. आहारतज्ज्ञांची शिफारस आहे वर्षाला साधारण बारा किलोची. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. म्हणजे भाजी, आमटी आणि पोळीला लावलेले तेल-तूप मिळून रोज दोन-तीन चमचे जादा गेले, तर रोज एक मोठा लाडू खाल्ल्यासारखेच आहे. फक्त त्याला लाडवाची चव नाही.

यात आपल्या शहराची भर आहेच. रविवार सकाळची तर्रीदार मिसळ हा नाशिककरांचा साप्ताहिक सण झाला आहे. चिवडा बारा महिने डब्यात असतो. चकली, शंकरपाळी, करंजी कोणत्याही मंगळवारी दुकानात मिळते. वाढदिवस, साखरपुडा, ऑफिसातला निरोप समारंभ, लग्नसराई... पूर्वी सणाचे दहा-बारा दिवस असत, आता साधे दिवस शोधावे लागतात.

उपवासाचे काय झाले?

सण आणि उपवास ही जोडी होती. एकीकडे भर, दुसरीकडे विश्रांती. त्यातली दुसरी बाजूही बदलली. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगीच आलेली नाही.

साबुदाण्याची खिचडी आपल्याला फार प्राचीन वाटते. प्रत्यक्षात साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आलेला. मूळ साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून बनायचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग वाढला. खिचडीतला बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. म्हणजे तूप-जिरे सोडले तर "परंपरेच्या" या खिचडीत जुने असे फारसे काही नाही.

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. प्रथिने नावालाच. त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि तूप पडले की भरलेली बशी चारशे-पाचशे कॅलरीच्या घरात सहज जाते. मग दुपारी वडे, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स. या उलट वरई, म्हणजे आपली भगर, हे आपल्याच डोंगरातले धान्य आहे. तिच्यात साबुदाण्यापेक्षा प्रथिने आणि तंतू जास्त असतात. तीही धान्यच आहे, ढीगभर खाल्ली तर साखर वाढवतेच. पण वाटीभर भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी आणि ताक हा उपवास पोटाला खरोखर हलका आहे.

आपले शरीर अजून दुष्काळातच आहे

आता आजींच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! हा फोटो मी माझ्या रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण "मी तर बारीकच आहे" असे म्हणणाऱ्या अनेकांची साखर मला वाढलेली सापडते.

पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी वाढलेले हे शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकले असावे, असे अनेक संशोधक मानतात. दुष्काळात ते उपयोगी होते. रोज सण असलेल्या घरात तेच शरीर पोटाभोवती चरबी साठवते, आणि ती चरबी मधुमेहाला बोलावते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरतात : २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

आज महाराष्ट्रात साधारण चौथा हिस्सा प्रौढ स्त्री-पुरुष जादा वजनाचे आहेत, आणि त्याच वेळी पाचातली एक स्त्री कमी वजनाची आहे. दुष्काळ आणि मेजवानी एकाच राज्यात, कधी एकाच घरात.

सणात वजन किती वाढते?

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ लोकांचे वजन नाताळच्या आधी आणि नंतर केले. लोकांना वाटत होते की आपण दीडेक किलो वाढलो. प्रत्यक्षात सरासरी वाढ होती फक्त ३७० ग्रॅम. दिलासा देणारी बातमी! पण वर्षभराने पाहिले तर ही वाढ उतरलेली नव्हती. वर्षाच्या एकूण वजनवाढीतला मोठा वाटा त्या सहा-आठ आठवड्यांचाच होता.

२०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या सुमारे तीन हजार लोकांच्या घरच्या वजनकाट्यांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक देशात वजन त्या त्या देशाच्या सणाला चढले. निम्मी वाढ लवकर उतरली, उरलेली महिनोन्‌महिने रेंगाळली. म्हणजे एका सणाने कोणी लठ्ठ होत नाही. दर वर्षी उरणारे पाव-अर्धा किलो वीस वर्षांत पाच ते दहा किलो होतात.

उपायही संशोधनात आहे आणि तो साधा आहे. इंग्लंडमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात २७२ लोकांपैकी अर्ध्यांना नाताळच्या काळात आठवड्यातून दोनदा तरी वजन करायला आणि काही सोप्या सवयी पाळायला सांगितले. सणानंतर त्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी अर्धा किलोने कमी भरले. माझे रुग्ण दिवाळीत जे टाळतात, नेमके तेच!

मग फराळ सोडायचा का?

नाही. माझा सल्ला उलटा आहे. सण पूर्ण साजरा करा, पण तो सणाच्याच दिवशी. साधे दिवस पुन्हा साधे करा.

- फराळ घरातल्या माणसांच्या संख्येपुरता करा. भाऊबीज झाल्यावर महिनाभर डबे भरलेले राहिले की सण संपतच नाही. उरले तर वाटून टाका.
- फराळ हे एक जेवण समजा. एक लाडू, एक करंजी, एक चकली आणि वाटीभर चिवडा मिळून साधारण सहा-सातशे कॅलरी होतात. त्यावर पुन्हा पूर्ण जेवण नको.
- वसुबारस, भोगी, ऋषीपंचमी, चंपाषष्ठी हे दिवस पुन्हा पाळा. धार्मिक कारणाने पाळा किंवा तब्येतीसाठी, ताट तेच आहे. जमल्यास आठवड्यातले तीन-चार दिवस भाकरी ठेवा.
- ताटाची डावी बाजू वाढवा. कोशिंबीर, चटणी, लिंबू तिथे बोटभर वाढायची पद्धत आहे. कोशिंबीर वाटीभर घ्या.
- घरी महिन्याला किती तेल लागते ते एकदा मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण चार किलो पुरते.
- सणाच्या आठवड्यात दोनदा वजन करा आणि लिहून ठेवा. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चाला.
- आग्रह करायचाच तर चहाऐवजी ताकाचा आणि दुसऱ्या लाडवाऐवजी गप्पांचा करा.

मधुमेहाच्या रुग्णांना एक महत्त्वाची सूचना : इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नवरात्राचे किंवा एकादशीचे उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. साखर एकदम कमी होऊन चक्कर, बेशुद्धी येऊ शकते. आणि "आज जास्त खाल्ले" म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका किंवा "आज खाल्ले नाही" म्हणून सगळी औषधे बंदही करू नका. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही विचारूनच उपवास करावा.

त्या आजींना मी फराळ बंद केला नाही. लक्ष्मीपूजनाला एक करंजी आणि भाऊबीजेला एक लाडू, जेवणासोबत, चोरून नाही, असे ठरले. बाकी दिवस सकाळचा गोड चहा बिनसाखरेचा आणि रात्री भाकरी. सुनेला सांगितले की डबा लपवू नका, लपवलेले माणूस जास्त खातो. डिसेंबरमध्ये आजी आल्या, स्वतःहून काट्यावर उभ्या राहिल्या. वजन वाढले नव्हते, साखरही थोडी उतरली होती. म्हणाल्या, "एकच करंजी खाल्ली, पण लहानपणी लागायची तशी लागली."